यादीइतकाच थांबवण्याचा अधिकार महत्त्वाचा

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे होणारा रक्तातील जंतुसंसर्ग पाच मुद्द्यांच्या यादीने घटला, असे तुम्ही छापलेल्या लेखात म्हटले आहे. ते खरे आहे, परंतु त्यातली कळीची गोष्ट सुटली आहे. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तातडीचा प्रसंग नसेल आणि एखादी पायरी चुकत असेल, तर नळी घालणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवले जाई. हात धुणे, निर्जंतुक गाऊन आणि मोठी चादर, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे, जांघेतली शीर टाळणे, गरज संपताच नळी काढणे, हे सारे आम्हालाही तोंडपाठ होते.

मी २२ वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका होते. एका रात्री रुग्णाच्या मानेवरचे क्लोरहेक्सिडिन अजून ओले चकाकत असताना डॉक्टरांनी सुई उचलली. "सर, अर्धा मिनिट वाळू द्या," असे मी म्हणाले, तेव्हा "सिस्टर, मला शिकवू नका" हे उत्तर मिळाले आणि सकाळी मेट्रनबाईंसमोर उभे राहावे लागले. त्या रात्रीच्या यादीत मात्र सगळ्या चौकटींत बरोबरची खूण आहे, आणि ती माझ्याच हातची आहे, याचे मला आजही वाईट वाटते. परिचारिकेने हात धरला तर व्यवस्थापन तिच्या पाठीशी राहील, असा लेखी आदेश किती रुग्णालयांत आहे, हे लेखकाने जरूर विचारावे.