ट्रेलरला टाळ्या, लाँचला शिव्या

आधीच कबूल करतो, ट्रेलर बघून गेम प्रीऑर्डर करणारे, म्हणजे तो यायच्या आधीच पैसे भरणारे असतात ना, मी पण त्यातलाच आहे. नाव मुद्दाम घेत नाही, पण एका गेमची मी तीन वर्षं वाट बघितली, ट्रेलर इतक्यांदा बघितलेला की डायलॉग पाठ, प्रीऑर्डर केला, रात्री प्रीलोड लावून, म्हणजे गेम आधीच डाउनलोडला टाकून झोपलो, दुसऱ्या दिवशी सुट्टी. आणि पहिल्याच मिशनला ज्याच्याशी बोलायचं तो माणूस कमरेपर्यंत भिंतीत रुतलेला! तोंड हलतंय, आवाज नाही. सेव्ह लोड केला, परत तेच. तिसऱ्यांदा साहेब भिंतीतून बाहेर आले तर दार उघडेना. आणि मी मित्रांना काय सांगतोय, तर "अरे पॅच येईल", म्हणजे चुका दुरुस्त करणारं अपडेट.

त्यामुळे लोक का भडकतात हे मला कोणी समजावू नका. सायबरपंक २०७७ हा गेम आठवा. २०१२ ला घोषणा, २०२० मध्ये तारीख तीनदा पुढे, तरी ८० लाख प्रीऑर्डर. रिव्ह्यू करणाऱ्यांना आधी फक्त पीसी व्हर्जन दिलं आणि त्यातही स्वतःचं फुटेज दाखवायचं नाही अशी अट, म्हणजे सोनीच्या जुन्या पीएस४ कन्सोलवर गेमची काय अवस्था आहे ते लोकांना कळलं पैसे गेल्यावरच. आठवड्याभरात सोनीने तो स्टोअरवरूनच काढला. इथे राग येणार नाही तर काय होणार, ही सरळ सरळ लपवाछपवी होती.

पण नो मॅन्स स्काय या अंतराळातल्या गेमचं बघा. २०१६ मध्ये तो जूनचा ऑगस्टवर गेला, फक्त दीडेक महिन्याचा उशीर हां, तर डेव्हलपरला जीवे मारण्याच्या धमक्या, आणि ज्या पत्रकाराने ती बातमी दिली त्यालाही! गेम अजून आलाच नव्हता, म्हणजे फसवलं वगैरे प्रश्नच नाही. नंतर आला तेव्हा तक्रारीला जागा होती, अठरावर अठरा शून्यं एवढे ग्रह, दुसरा प्लेयर भेटू शकतो असं मुलाखतींमध्ये सांगितलेलं, आणि लाँचलाच दोघं जण ठरवून एकाच जागी जाऊन उभे राहिले तर एकमेकांना दिसेचनात. पण धमक्या त्याच्या आधीच देऊन झालेल्या. म्हणून मला वाटतं ही शिवीगाळ बऱ्याचदा गेमबद्दल नसतेच, ट्रेलरखाली "टेक माय मनी" लिहिणारा आणि नंतर धमकी देणारा पुष्कळदा एकच असतो.

बरं, शिव्यांनी होतं काय? काही नाही. त्या मार्केटिंगवाल्यापर्यंत पोचतच नाहीत, रात्रभर बग फिक्स करणाऱ्या पोराच्या इनबॉक्समध्ये पडतात. खिशाला हात लागला की मात्र हालचाल होते. २०१७ ला स्टार वॉर्सच्या बॅटलफ्रंट २ या गेममध्ये डार्थ व्हेडर हे पात्र अनलॉक करायला ६०,००० क्रेडिट्स (गेममधलं चलन), म्हणजे कितीतरी तास ग्राइंड, तेच तेच खेळत बसायचं, आणि वर गेम काढणाऱ्या ईए कंपनीचं उत्तर की यातून खेळाडूला अभिमान वाटावा वगैरे. रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या त्या उत्तराला ६ लाखांवर डाउनव्होट पडले, लोक प्रीऑर्डर कॅन्सल करा म्हणायला लागले, तर व्हेडरची किंमत ७५ टक्क्यांनी खाली आली आणि लाँचच्या तोंडावर गेममधली खऱ्या पैशांची खरेदी बंद.

आणि माझा आवडता निषेध, मास इफेक्ट ३ या गेमचा, २०१२. शेवट कुठलाही निवडा, फरक जवळपास रंगाचाच, म्हणून फॅन्सनी वर्गणी काढून तो बनवणाऱ्या बायोवेअरला चारशे कपकेक पाठवले, वर लाल, निळं, हिरवं आयसिंग, आत चव सगळ्यांची एकच, व्हॅनिला. याला म्हणतात टोमणा!

आता कोणी म्हणेल अरे पण दोन्ही गेम सुधारले ना नंतर. सुधारले की, नो मॅन्स स्काय वर्षानुवर्षं फुकट अपडेट देतोय, सायबरपंक २०२३ च्या २.० अपडेटनंतर मस्तच आहे. पण मग पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणारे आपण कोण? बिनपगारी टेस्टर. नंतर सेलमध्ये घेणाऱ्याला चांगला गेम मिळाला, तोही स्वस्तात. डिजिटल गेमचा स्टॉक संपतो का कधी, मग आगाऊ पैसे कशासाठी? स्टीमवर, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरवर, १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलात तर रिफंड मिळतो खरा, पण माझा तर एक तास कॅरेक्टरचं नाक नीट करण्यातच जातो.

काल परत एका गेमचा ट्रेलर आला. ग्रुपवर मित्रांनी लगेच विचारलं, घेणार का? विशलिस्टला टाकलाय म्हटलं, बस. ग्रुपचं नाव त्या भिंतीवाल्या गेमपासून "पॅच येईल" आहे, बदलू देत नाहीत.