बॉम्ब गोल नव्हता हो, ड्रम होता!

तुमचा लेख मस्त, पण दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ला, ब्रिटिशांचा जर्मनीतली धरणं फोडणारा बॉम्ब "चेंडूसारखा गोल असल्यामुळे" पाण्यावर उड्या मारत गेला असं जे लिहिलंय ते चूक आहे. तो बनवणारा इंग्रज इंजिनिअर बार्न्स वॉलिस, त्याला आधी गोलच हवा होता, पण एप्रिलमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर रिकल्व्हरला चाचण्या घेतल्या तेव्हा वरचं लाकडी कवच पाण्यावर आपटून फुटलं आणि आतला लोखंडी ड्रम मात्र टप्पे खात पुढे गेला, मग काय, ड्रमच वापरला. खरी करामत उलट्या फिरकीची. टाकायच्या आधी विमानातच मोटर लावून तो मिनिटाला ५०० वेळा उलटा फिरवायचे, त्यामुळे भिंतीला धडकून मागे जाण्याऐवजी तो भिंतीला चिकटूनच खाली बुडायचा आणि ३० फुटांवर फुटायचा. म्योने आणि एडर ही दोन धरणं फुटली ती त्यामुळे.

आम्ही लहानपणी तळ्यावर चपटे दगड मारायचो, पाच टप्पे पडले की स्वतःला राजे समजायचो, इथे चार टनांचा पिंप, रात्री, ६० फुटांवरून! (उंची कळायला विमानाखाली दोन दिवे, दोघांचे ठिपके पाण्यावर जुळले की ६० फूट. एवढंच!) आणि १९ पैकी ८ विमानं परतली नाहीत हे लिहिलंत ते बरं केलंत, पण खाली पुरात शेकडो परदेशी वेठमजूर बुडाले, त्यात कितीतरी बायका होत्या, त्यांच्यावर एक ओळ तरी हवी होती राव.