कोंबडीची पाठ उघडी पडली की रॉकेल चोळायचं? अहो थांबा जरा

गेले चार दिवस तोच फॉरवर्ड तीन ग्रुपवर आलाय, आपल्या मालाड-मनोरी पट्ट्यात ज्याच्या घरी दोन कोंबड्या आहेत त्या प्रत्येकाला पोचला असेल. म्हणे कोंबडीच्या पाठीवरची पिसं गेली की तो संसर्गाचा त्वचारोग, तिला वेगळी कोंडा, रॉकेल-हळद चोळा, आणि कोंबड्याचा संबंध नाही कारण तसं असतं तर सगळ्याच कोंबड्यांची पिसं गेली असती. वर धमकी, कोंबडा काढलात तर अंडी बंद!

आधी रोगाचं बघू. पिसं कुठली गेलीत ते बघा ना राव, आजार नंतर शोधा. कोंबडा जोडीसाठी कोंबडीवर चढतो तेव्हा चोचीने मानेमागची पिसं धरतो आणि दोन्ही पाय पाठीवर रोवतो, तोल जायला लागला की नखं घासतात, म्हणून डोक्यामागे, पाठीवर आणि पंखांच्या खांद्याजवळच टक्कल पडतं. बोट फिरवून बघा, तुटलेल्या पिसांचे खुंट लागतात, खाली कातडी बहुतेक स्वच्छ असते. उवा असत्या तर शेपटीखाली, हगायच्या जागेभोवती पिसांच्या बुडाशी अंड्यांचे पांढरे पुंजके दिसले असते. पिसं बदलायचा सीझन असेल, म्हणजे पावसाळा सरून दिवस लहान व्हायला लागले की, तर सुरुवात डोक्या-मानेपासून होते आणि नव्या पिसांचे काटे वर येताना दिसतात. दुसऱ्या कोंबड्या टोचत असतील तर बहुतेक शेपटीच्या बुडाशी, आणि तिथे रक्तही असतं. एवढं बघायला डॉक्टर लागत नाही, कोंबडी काखेत धरायला आली म्हणजे झालं.

आता 'सगळ्यांची का नाही गेली'. हा मुद्दा ऐकायला एकदम पटतो आणि तिथेच लोक फसतात. कोंबडा रेशनच्या लायनीसारखा प्रत्येकीला नंबर देत नाही हो, त्याच्या ठरलेल्या लाडक्या असतात, त्यात जी पटकन खाली बसते तिच्यावर तर दिवसातून किती वेळा. मनोरीला मावशीकडे चार गावरान कोंबड्या आणि एक गिरिराज जातीचा वजनदार कोंबडा होता, चारातल्या दोघींची पाठ सोललेली आणि उरलेल्या दोघी नवरीसारख्या टकाटक. साधारण आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, चारात तो कोणावर भार टाकणार?

रॉकेल मात्र खरंच नका लावू, हात जोडतो. उघडी कातडी भाजते आणि कोंबडी चोचीने अंग साफ करते तेव्हा ते पोटात पण जातं. शिवाय पीस अर्धवट तुटून खुंट आत राहिला असेल तर पुढच्या पीसगळीपर्यंत नवं येतच नाही, मग काहीही चोळा. मुळासकट उपटलेलं असेल तर काही आठवड्यांत आपोआप येतं. वेगळं ठेवायचं तर जखम झालेलीला ठेवा, कारण लाल दिसलं की बाकीच्या टोचून टोचून खड्डा करतात.

मावशीने जुन्या जीन्सचं पाठीवर बसेल असं जाकीट शिवलं, पंखांखालून इलास्टिक. मी कोंबड्याची नखं आणि पायामागच्या काट्याचं नुसतं टोक कानशीने बोथट केलं, जास्त नाही, आत रक्त असतं. मावशी म्हणाली, "अरे, ह्याचं पेडिक्युअर करतोस, माझं कोण करणार?"

राहिलं अंड्यांचं. दुकानातली अंडी देणाऱ्या लेयर कोंबड्यांनी जन्मात कोंबडा बघितलेला नसतो, तरी घालतात ना! कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी, आणि त्यालासुद्धा रोज चढायची गरज नाही कारण कोंबडीच्या पोटात त्याचं बीज आठवडा-दोन आठवडे टिकून राहतं. मावशीने शेवटी तो कोंबडा डझनभर कोंबड्या असलेल्या शेजाऱ्याकडे दिला आणि नंतर पाचव्या दिवशी घातलेलं अंडं खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवलं, त्यातून पण पिल्लू निघालं.