‘फर्लर अर्धा गुंडाळून चालत नाही’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. आपल्या १६ फुटी, ट्रेलरवरून नेण्याच्या होडीसाठी आम्ही दिलेला पुढच्या शिडाचा फर्लर (दोरी ओढून शीड गुंडाळण्याचे साधन) गंगापूर धरणाच्या जलाशयात जोराच्या वाऱ्यात अर्धा गुंडाळून चालला नाही, त्याची दोरी ड्रममध्ये अडकली, आणि अॅल्युमिनियम फॉइलचा (म्हणजे खाचेच्या नळीचा) ‘खरा’ फर्लर बाजारात असताना दुकानदाराने स्वस्तातला गळ्यात मारला, असे आपले म्हणणे आहे. अशा खरेदीच्या विचारात असलेले इतर होडीमालकही हे वाचतील, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

फर्लर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी एकच विचारतो: शीड नुसते आवरायचे आहे, की वारा वाढल्यावर ते लहान करून त्यावरच पुढे जायचे आहे? आपण घेतलेला फर्लर पहिल्या कामाचा आहे. खाली ड्रम, वर फिरकी आणि मध्ये शिडाच्या पुढच्या कडेत शिवलेली पोलादी तार, एवढाच त्याचा पसारा. दोरी ओढली की ड्रम फिरतो, पण ते फिरणे वरच्या टोकाला पोहोचते ते तारेला पीळ बसूनच. शीड पूर्ण उघडे किंवा पूर्ण गुंडाळलेले असताना याने काही बिघडत नाही. अर्धे गुंडाळून त्यात वारा भरला की मात्र वरचे वेढे उलगडू लागतात, पुढची कड ढिली पडते आणि शिडाला नको तेवढे पोट येते. मग होडी वाऱ्याच्या उलट दिशेने वर चढायचे सोडून नुसती कलते. आपण वर्णन केले आहे ते नेमके हेच. या प्रकारचा फर्लर कितीही नामांकित कंपनीचा घेतला तरी त्याचे असेच होईल, आणि म्हणूनच आपल्या कोटेशनवर ‘फक्त पूर्ण उघडणे व पूर्ण आवरणे’ असे स्पष्ट लिहिलेले आहे.

फॉइल म्हणजे फोरस्टेच्या, म्हणजे डोलकाठीला पुढून धरून ठेवणाऱ्या तारेभोवती बसवलेली खाचेची नळी. ती खालपासून वरपर्यंत एकत्र फिरते, त्यामुळे अर्धे गुंडाळलेले शीड जागेवर टिकते, यात वाद नाही. तरीही क्षेत्रफळ साधारण एक तृतीयांशाहून अधिक कमी केले की त्याचाही आकार बिघडतो. शिडाच्या पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवून घेतात ती त्यासाठीच. पण आपण दर वेळी डोलकाठी आडवी करून होडी घरी नेता, आणि पुढे कसारा घाट उतरून ती अलिबागकडे समुद्रात न्यायचा विचारही आपण बोलून दाखवला होता. डोलकाठी उतरवताना नीट आधार मिळाला नाही तर अॅल्युमिनियमची फॉइल वाकते आणि वाकलेली फॉइल सरळ फिरत नाही. शिवाय दर फेरीला शीड खाचेतून खाली ओढायचे, घडी घालायची आणि पुढच्या वेळी पुन्हा खाचेत भरवत वर चढवायचे. आपल्या फर्लरमध्ये गुंडाळलेली वळकटी तशीच्या तशी, हॅलयार्ड (शीड वर चढवण्याची दोरी) सोडून खाली घेता येते आणि पिशवीत भरता येते. भर वाऱ्यात याला फार महत्त्व आहे, कारण फॉइलवरची वळकटी वरच राहते आणि तिचे वजन व तिच्यावर बसणारा वारा हलक्या सेंटरबोर्डच्या (तळाशी वर-खाली होणारी फळी असलेल्या) होडीला आणखी कलवतो. बारा महिने पाण्यातच मूरिंगला बांधून उभ्या असलेल्या २५-२८ फुटी किलबोटीसाठी (तळाशी जड, पक्की कील असलेल्या होडीसाठी) विचारले असते, तर आम्ही निःसंकोच फॉइलच सुचवली असती.

आता दोरीविषयी. आपण जोडलेल्या छायाचित्रात पहिली पुली डेकवर कडेला सरकवलेली दिसते आणि दोरी ड्रममध्ये तिरकी उतरते आहे. आम्ही बसवून दिली तेव्हा ती पुली ड्रमच्या मध्याच्या उंचीवर होती. दोरी फोरस्टेशी काटकोनात आली नाही तर वेढे ड्रमच्या एकाच कडेला साचतात आणि एकमेकांखाली दबतात. शीड उघडताना दोरी एकदम सोडून दिली तरी हेच होते. वाऱ्याने शीड झपकन उघडते, ड्रमवर सैल वेढे पडतात आणि पुढच्या वेळी ओढताना तेच अडकतात. म्हणून उघडताना दोरी हातात हलकी ताणून ठेवावी, आणि अडकल्यावर ती विंचने (दोरी ओढण्याच्या फिरत्या यंत्राने) कधीही ओढू नये. ‘शेवटचा हातभर भाग फडफडत राहिला’ असेही आपण लिहिले आहे. जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळले जाते, त्याला जास्त वेढे लागतात आणि ड्रमवरची दोरी आधीच संपते. त्यावर उपाय सोपा आहे: शीड गुंडाळलेले असताना शीटा (शिडाच्या मागच्या कोपऱ्याला बांधलेल्या दोऱ्या) सोडून ड्रम हाताने आणखी चार-पाच वेढे फिरवून घ्यावा.

शनिवारी फोन उचलला गेला नाही, अशीही आपली तक्रार आहे; त्या दिवशी आमचे वर्कशॉप बंद असते.

पावसाळ्यात जलाशयावर वारा टेकड्यांवरून झोताझोताने येतो, तेव्हा त्याच ड्रमवर लावता येईल असे तार शिवलेले लहान जिब (पुढचे शीड) हा आमच्या मते आपल्यासाठी सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे. दोन शॅकल (जोडणीच्या कड्या) बदलले की काम होते. तरीही शीड अर्धे गुंडाळूनच चालवायचे असेल, तर लवचिक प्लास्टिक फॉइलचा फर्लर मिळतो. तो डोलकाठी उतरवताना वाकला तरी चालतो. मात्र त्यासाठी आपल्या शिडातली तार काढून खाचेत बसणारी टेप शिवावी लागेल आणि बहुधा पुढच्या कडेची लांबीही कमी करावी लागेल. तो खर्च फर्लरच्या किमतीत धरलेला नसतो, हे आधीच सांगून ठेवतो. वापरलेल्या फर्लरचे पैसे परत देणे आमच्या अटींत बसत नाही, परंतु नवा घेतल्यास जुना वाजवी किमतीत परत घेऊ, आणि पुली पूर्वीच्या जागी बसवून देण्याची मजुरी आकारणार नाही. येताना होडी ट्रेलरसह आणावी आणि शीड पिशवीत न विसरता सोबत ठेवावे, कारण फोरस्टे आणि शीड दोन्ही मोजल्याशिवाय आम्ही कोणत्याही फॉइलची ऑर्डर घेत नाही.