नहपानाचं नाक गौतमीपुत्रानं वाकडं केलेलं नाही

रविवारी भाच्याचा फोन आला. “मावशी, सातकर्णीनं नहपानाचं नाक मुद्दाम वाकडं काढलं होतं ना?” तो आठवीत आहे, शाळेच्या प्रकल्पासाठी त्याला सातवाहन हा विषय मिळालाय. माहिती कुठून घेतलीस म्हटलं, तर घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज. बोलता बोलता त्यानं हेही सांगून टाकलं, की वर्गातल्या एका लांब नाकाच्या मुलाला आता सगळे ‘नहपान’ म्हणून हाका मारतात. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

मेसेज अनेकांनी वाचला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं शक क्षत्रप (मध्य आशियातून आलेल्या शकांचा इथला सत्ताधीश) नहपानाचा पराभव केला आणि त्याची बेअब्रू व्हावी म्हणून त्याचा म्हातारा, गालफडं बसलेला, पोपटनाक्या चेहरा नाण्यांवर पाडला. मग प्रत्येक नाण्यावरचं नाक ठेचलं. शक दिसायचेच असे, हा त्याचा पुरावा. आणि स्वतःचा चेहरा नाण्यावर छापण्याचा परकी हव्यास सातवाहनांना कधीच नव्हता. सोबत एका चांदीच्या नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो.

आधी तो फोटोच बघा. एका बाजूला राजाचं मस्तक आणि कडेनं ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी या जुन्या लिप्यांतले लेख. ब्राह्मी लेख आहे ‘राञो क्षहरातस नहपानस’, म्हणजे क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाचं नाणं. सातकर्णीचा एकही ठसा त्यावर नाही. हे नाणं नहपानाच्याच टाकसाळीत, त्याच्याच हुकमानं, त्याचीच सत्ता चालू असताना पडलेलं आहे. जो चेहरा शत्रूनं विद्रूप केला म्हणून हा मेसेज फिरतोय, तो नहपानानं स्वतः मंजूर केलेला चेहरा आहे.

राजा स्वतःचा असा चेहरा कशाला काढू देईल, असं भाच्यानंही विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण त्या काळच्या नाण्यांवर चेहरा देखणा असलाच पाहिजे, असा नियम नव्हता. बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा पहिला युथिडेमस त्याच्या उतारवयातल्या नाण्यांवर लोंबत्या गालांचा दिसतो. रोमचा सम्राट व्हेस्पेशियन टकला, सुरकुतलेला, जाड मानेचा आहे. ही नाणी त्यांच्या शत्रूंनी पाडलेली नाहीत. वय आणि सुरकुत्या अधिकाराच्या खुणा समजल्या जात. नहपानाच्या मुलखात ही परंपरा अनोळखी नव्हती. भडोचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांचे जुने द्रम्म (चांदीची नाणी) अजून चालतात, असं ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेलं आहे. मस्तक आणि भोवती ग्रीक लेख हा घाट तिकडूनच आला. नहपानाच्या आधीचा क्षहरात क्षत्रप भूमक, त्याच्या नाण्यांवर तर चेहराच नाही, बाण, वज्र आणि सिंहस्तंभ आहेत.

आता नाक ठेचण्याची गोष्ट. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला, गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ, नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं पुन्हा ठसा मारलेला. एका बाजूला तीन कमानींचा चैत्य (एकावर एक रचलेल्या कमानींचं चिन्ह) आणि ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं). हा विजयाचा जाहीरनामा होता, यात शंका नाही. पण ठसा दोन्ही बाजूंना आहे. बाण आणि वज्राच्या बाजूला कुठलं नाक ठेचायचं होतं? नाणं जेमतेम दीड सेंटिमीटरचं. त्यावर नवा ठसा बसला की चेहऱ्याचा काही भाग दबणारच, आणि कित्येक नाण्यांवर ठशाखालून नहपानाचं नाक अजून शाबूत दिसतं. चांदी वितळवून नवी नाणी पाडण्यापेक्षा चालत्या नाण्यावर आपली मोहोर मारणं सोपं आणि स्वस्त, हे साधं कारण सोडून लोक सूडकथा रचतात.

गौतमीपुत्राला नहपानाच्या घराण्याचा बीमोड जगाला सांगायचा नव्हता असं नाही. तो नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात ढळढळीत कोरलाय: ‘खखरातवसनिरवसेसकरस’, क्षहरात वंश निःशेष करणारा. त्याच लेखात मुलाचा चेहरा पूर्ण चंद्राच्या मंडलासारखा प्रियदर्शन म्हटलाय. शत्रूच्या नाकाबद्दल मात्र त्या माउलीनं एक अक्षर लिहिलेलं नाही.

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. ‘शक दिसायचेच असे.’ जोगलटेंभीच्या साठ्याचा अभ्यास रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केला आणि तो मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. हजारो नाणी ज्यांच्या हाताखालून गेली, त्या माणसाचं निरीक्षण काय? हे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे तरुण, कुठे म्हातारा. कुठे नाक आकड्यासारखं, कुठे सरळ. कुठे गाल भरलेले, कुठे बसलेले. फरक इतका, की ही एका माणसाची चित्रं असूच शकत नाहीत असं त्यांना वाटलं, आणि घराण्यातल्या वेगवेगळ्या व्यक्तींनी नहपानाच्या नावानं आपले चेहरे छापले असावेत असा तर्क त्यांनी केला. तो तर्क मला पटत नाही. साचे कोरणारे कारागीर वेगवेगळे होते, समोर राजा बसवून कोणी कोरत नव्हतं, आणि ग्रीक अक्षरंही पुष्कळ नाण्यांवर इतकी बिघडलेली आहेत की कोरणाऱ्याला ती वाचता येत नसावीत. पण निरीक्षण पक्कं आहे. ज्या नाण्यांवरून एका नहपानाचा खरा चेहरा ठरवता येत नाही, त्यांवरून तुम्ही अख्ख्या शक लोकांचं नाक ठरवणार? आणि त्या नाकावरून आठवीतल्या पोराला चिडवणार?

मेसेजमध्ये या लोकांना ‘राक्षसी’ म्हटलंय. नहपानाचा जावई उषवदात. त्याच पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, त्याच्या दानांची यादी आहे: तीन लाख गाई, देवाब्राह्मणांना सोळा गावं, भिक्षूंसाठी लेणं आणि त्यांच्या चीवरांसाठी (वस्त्रांसाठी) श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे, ठेवलेली कार्षापण नाण्यांची ठेव. आणि कान्हेरीच्या लेखात गौतमीपुत्रानंतरच्या वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी कार्दमक या शक कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी आहे. म्हणजे सातवाहनांनी शक क्षत्रपांच्या घरातली सून आणली. घराणं नहपानाचं नव्हे, दुसरं. पण तेही क्षत्रपच. ज्यांनी लढाई केली, त्यांनीच पुढे सोयरीक केली. नाक बघून नाही म्हणाले नाहीत.

राहिला शेवटचा दावा, सातवाहनांनी नाण्यावर चेहरा कधी छापलाच नाही. साफ चूक. वासिष्ठीपुत्र पुळुमावी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी, यज्ञ सातकर्णी, सगळ्यांची मस्तकवाली चांदीची नाणी आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, तेव्हा आत यज्ञ सातकर्णीचं असंच नाणं मिळालं. त्यावरही लांब नाकाचा राजा आहे.

भाच्याला फोटोतली ब्राह्मी अक्षरं मोठी करून पाठवली आहेत. प्रकल्पात तो मेसेजचा परिच्छेद खोडून त्यांचं वाचन घालतोय. वर्गातल्या त्या मुलाला उद्या त्याच्या नावानं हाक मारायची, हे त्यानं मला कबूल केलंय.