शुगर वाढते म्हणून टीबीच्या गोळ्या बंद करा म्हणे!

कोपरखैरण्याला मामांच्या घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये नऊ दिवसांच्या टीबीच्या गोळ्या तशाच पडलेल्या सापडल्या. मामी हळूच म्हणाली, "तो मेसेज आल्यापासून घेतच नाहीत गं." मामा एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते, आयुष्य गोणी उचलण्यात गेलं. शुगर जुनी, टीबी यंदाचा. मी ठाण्यात औषधाच्या दुकानात बसते, दिवसभर लोकांना "कोर्स अर्धवट सोडू नका" सांगते, आणि इकडे माझाच मामा ड्रॉवर भरतोय. तेव्हा पुढे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

मेसेज गावच्या ग्रुपवरून आलेला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तो आला असेल. सारांश असा: टीबीच्या गोळ्यांनी शुगर वाढते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी त्या बंद कराव्यात, शुगर आपोआप उतरेल, लघवी लाल होते म्हणजे किडनी सडतेय, दूध, अंडी, डाळ बंद करून महिनाभर कारल्याचा रस प्यावा, डॉक्टर इन्सुलिन देतील, घेऊ नका, एकदा सुरू झालं की मरेपर्यंत सुटत नाही, आणि खोकला थांबला की टीबी गेला. खाली हात जोडलेले आणि "जनहितार्थ".

पहिला मुद्दा आधी घेते, कारण मामा त्याच्यावरच फसले. आणि नाइलाजाने कबूल करते की त्यात अर्धं खरं आहे. मामांकडे घरी शुगर मोजायचं मशीन आहे. टीबीच्या गोळ्या सुरू होण्याआधी उपाशीपोटी दीडशे-एकशे साठ असायची, तीन आठवड्यांत दोनशे नव्वद. गोळ्या सोडल्यावर नवव्या दिवशी दोनशे तीस. "आता सांग, खोटं काय लिवलंय त्यात?" मामांनी वही पुढे केली. आकडे खरे होते. त्यांतून काढलेला अर्थ चुकला होता.

टीबीच्या गोळ्यांमधलं एक मुख्य औषध म्हणजे रिफाम्पिसिन. ते लिव्हरमधली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालू करतं. मामांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं: गाडी खाली करायला रोज सहा जणांची टोळी असते, तिथे बारा जण लावले. मग तुमची शुगरची गोळी, ग्लिमेपिराइड, आली रे आली की उचलून बाहेर. तिला काम करायला वेळच मिळत नाही. मामा गप्प बसले, म्हणजे पटलं.

पण ही टोळी सगळ्याच औषधांना हात लावत नाही. शुगरचीच दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, लिव्हरमध्ये मोडली जात नाही, ती जशीच्या तशी किडनीवाटे बाहेर पडते. इन्सुलिनलाही रिफाम्पिसिनचा तसा धक्का नाही. म्हणून अशा वेळी बदलायचं असतं ते शुगरचं औषध किंवा त्याचा डोस, आणि तेही डॉक्टरने, ग्रुपच्या अॅडमिनने नव्हे. मामांच्या बाबतीत घोळ असा झाला की शुगरचा डॉक्टर एकीकडे, टीबीचं सेंटर दुसरीकडे. एकाच्या चिठ्ठीवरची औषधं दुसऱ्याने कधी पाहिलीच नाहीत. मामांनीही दाखवली नाहीत. विचारलं तर म्हणाले, "त्यांनी इचारलं नाय, म्या सांगितलं नाय."

शुगर वाढायचं दुसरं कारण तर खुद्द टीबी. अंगात ताप, जंतूंशी झटापट चालू असली की शुगर चढतेच, साध्या न्यूमोनियातही चढते. म्हणजे गोळ्या सोडून मामा ज्या आजाराला मोकळं रान देत होते, तोच उद्या त्यांची शुगर आणखी वर नेणार होता. आणि शुगर वर गेली की टीबीशी लढायची ताकद आणखी कमी.

मेसेजवाल्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती दुकानात कुणी विचारतही नाही. कोर्स संपल्यावर रिफाम्पिसिन बंद होतं आणि साधारण दोन आठवड्यांत लिव्हरची ती जादा टोळी घरी जाते. तोवर शुगरच्या गोळ्यांचा डोस वाढवून ठेवलेला असेल, तर आता तोच डोस जास्त पडतो. घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी, शुगर एकदम खाली. त्यामुळे शेवटचं पाकीट संपलं की पेढे वाटण्याआधी शुगरच्या डॉक्टरकडे जायचं.

"मधुमेह असेल तर टीबीचं औषध झेपत नाही" असं एक वाक्यही मेसेजमध्ये घुसडलंय. 2011 साली 'बीएमसी मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात संशोधक मेगन बेकर आणि सहकाऱ्यांनी 33 अभ्यास एकत्र करून पाहिले. टीबीच्या उपचारादरम्यान मरण्याचा धोका मधुमेह असलेल्यांना जवळजवळ दुप्पट, आणि बरं झाल्यावर टीबी उलटण्याचा जवळजवळ चौपट निघाला. ज्याचा टीबी उलटण्याची भीती चौपट, त्यालाच तुम्ही गोळ्या मधेच सोडायला सांगताय? अर्धवट सोडल्यावर जे जंतू उरतात, त्यांच्यावर पुढे हीच औषधं चालेनाशी होऊ शकतात. मग त्यासाठी वेगळी औषधं लागतात, आणि त्यांतलं लिनेझोलिड पायाच्या नसांना त्रास देतं. ज्याचे पाय शुगरने आधीच बधिर झालेत, त्याने हे दोनदा वाचावं.

लघवीचं थोडक्यात. तो रिफाम्पिसिनचा स्वतःचा रंग आहे, घामाला आणि डोळ्यांच्या पाण्यालाही येतो. रक्त नाही, किडनी नाही. घाबरायचं ते डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, जेवणावरची वासना उडाली तर. ती लिव्हरची लक्षणं, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. नजर अंधुक वाटली तरी सांगायचं, टीबीच्या गोळ्यांमधलंच एथाम्ब्युटॉल हे औषध डोळ्यांवर जाऊ शकतं. किडनी आधीपासून अधू असेल तर काही गोळ्यांचा डोस बदलावा लागतो, एवढं खरं. म्हणून जुने रिपोर्ट घेऊन जा.

कारल्याच्या रसावर मला फार बोलायचं नाही. कडू आहे म्हणून औषध, हा हिशोब कुठून आला कळत नाही. पण अंडी आणि डाळ बंद करणं हा निव्वळ गुन्हा आहे. टीबीने मामांचं वजन सेहेचाळीसवर आणलंय. अंड्यात साखर नसते, माशात नसते. डाळ-उसळीत असते ती शुगरवाल्याला चालण्यासारखी. चहातली साखर, बिस्किटं, ग्लुकोजची पावडर बंद करा ना! सरकार टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये देतं ते खाण्यासाठी, रस काढायचं मशीन घेण्यासाठी नाही.

इन्सुलिन: टीबी जोरात असताना शुगर आटोक्यात आणायला देतात, आणि आजार ओसरल्यावर कित्येक जण परत गोळ्यांवर येतात. माझ्या काउंटरवरच पाहिलेत.

आता खोकला. खोकला महिन्या-दीड महिन्यात थांबतो, जंतू थांबत नाहीत. नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, आणि मधुमेह असेल तर डॉक्टर कधी तो लांबवतातही. त्या गोळ्यांबरोबर रोज बी सिक्सची छोटी गोळी देतात, टीबीच्याच आयसोनियाझिड या औषधाने हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून. मामांनी ती "फालतू विटामिन" म्हणून आधीच वगळली होती.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून दोन्ही चिठ्ठ्या, वही आणि ड्रॉवरमधली पाकिटं घेऊन मामांना सेंटरवर नेलं. डॉक्टरांनी नऊ दिवसांची नोंद केली, गोळ्या परत सुरू केल्या आणि शुगरच्या डॉक्टरला तिथूनच फोन लावला. ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन चालू, रात्री इन्सुलिन. परवा मामांनी ग्रुपवर आवाजात निरोप टाकला: "टीबीच्या गोळीनं टोळी वाढती, म्हनून शुगरची गोळी बदलायची. टीबीची सोडायची नाय." खाली सात अंगठे आले. आठव्याने कारल्याच्या रसाचा तोच मेसेज परत टाकला.