गुरू-शनीच्या ओढीने कोयना हादरत नाही

पाटण-कराडकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून एका सरळ रेषेत येणार, हजारो वर्षांत असं घडलेलं नाही, चौघांच्या एकत्र ओढीने कोयनेला १९६७ पेक्षा मोठा भूकंप होणार, नासाने हे दडवलंय, म्हणून त्या रात्री घराबाहेर झोपा. कोयना खोऱ्यात भूकंपाचं नाव काढलं तरी म्हाताऱ्या माणसांच्या पोटात आजही गोळा येतो. त्यांना थंडीत अंगणात काढणाऱ्या या मजकुराचा मला मनापासून राग आला आहे.

आधी ती सरळ रेषा. चौघांच्या कक्षा एकमेकींशी थोड्या कललेल्या असल्याने काटेकोर रेषा जुळतच नाही. फार तर ते सूर्याच्या एका बाजूला येतात आणि आपल्याला रात्री एकाच पट्ट्यात दिसतात. जानेवारी २०२५ मध्येही तसे दिसले होते.

‘हजारो वर्षांत पहिल्यांदा’ हेही खोटं. १९७० च्या दशकाअखेरीस हे चौघे अशा सोयीच्या जागी आले होते, की १९७७ मध्ये निघालेलं नासाचं व्हॉयेजर-२ हे यान एकाच्या ओढीवर वेग घेत पुढच्याकडे गेलं आणि १९८९ मध्ये नेपच्यूनपाशी पोहोचलं. हा योग साधारण १७५ वर्षांनी येतो. आणि फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही, म्हणजे आठ ग्रह एकाच राशीत आल्याचा योग, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. देशभर यज्ञ झाले, जगबुडी काही झाली नाही.

आता ओढ. गुरू जमीन हलवतो, हे खरं आहे. पण ती त्याच्या आयो या चंद्राची. आयो गुरूपासून सुमारे ४ लाख २२ हजार किलोमीटरवर आहे, आपल्या चंद्राच्या अंतराहून थोडाच लांब. युरोपा आणि गॅनिमीड हे शेजारचे चंद्र त्याची कक्षा पूर्ण गोल होऊ देत नाहीत. त्यामुळे प्रत्येक फेरीत गुरूची पकड घट्ट-सैल होते, आयोचा घट्ट पृष्ठभाग शंभरेक मीटर वर-खाली होतो आणि पोटातला खडक तापून वितळतो. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ च्या छायाचित्रांत तिथले ज्वालामुखी दिसले, एकाचा फवारा सुमारे ३०० किलोमीटर उंच! ग्रहाची ओढ जमीन हादरवते ती अशी, इतक्या जवळून.

आपल्यापासून गुरू जवळात जवळ आला तरी सुमारे ५९ कोटी किलोमीटर लांब असतो. भरती आणणारी ओढ अंतर दुप्पट झालं की आठपट घटते. हिशेब केला तर गुरूची अशी ओढ चंद्राच्या ओढीचा सुमारे १ लाख ४० हजारावा भाग भरते. नेपच्यूनची शंभर कोटींत एक. चौघांची बेरीज केली तरी चंद्र रोज जे करतो त्यापुढे ती नगण्यच.

आणि ११ डिसेंबर १९६७ ची ती भूकंपाची पहाट? त्या दिवशी गुरू सिंहेत होता आणि शनी मीनेत, एकमेकांपासून खूप लांब. उलट २१ डिसेंबर २०२० ला दोघे अंशाच्या दहाव्या भागाइतके जवळ दिसले, तेव्हा कोयनेत मोठा भूकंप झाला नाही.

नासा दडवणार काय? हर्षल (म्हणजे युरेनस) आणि नेपच्यूनसकट सगळ्यांची ठिकाणं पंचांगात छापलेली असतात.

कोयनेचं कारण पायाखाली आहे. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरल्यावर पाण्याचा दाब खडकांतल्या भेगांतून खोलवर पोहोचतो आणि आधीच ताणलेले प्रस्तरभंग (खडक जिथे तुटून सरकतात त्या मोठ्या भेगा) सरकायला निमित्त मिळतं. म्हणून जलाशयाची पातळी चढली-उतरली की इथले धक्के वाढतात. हेच समजून घ्यायला इथल्या गोठणे गावाजवळ काळा कातळ भेदून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत ३ किलोमीटर खोल विवर खणलं, आणि त्या कामासाठी कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे.

भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत आज जगात कुणाकडेही नाही. धक्के मात्र इथे येत राहणार. तेव्हा मेसेज पुढे ढकलण्याऐवजी दगड-मातीच्या घराच्या भिंतींना चौकटीच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा आहे का, हे या आठवड्यात एखाद्या इंजिनिअरला दाखवून घ्या.